पाण्यावरचे बिऱ्हाड



गेल्या महिन्यात आम्हाला दौंडहून निरोप आला. निरोप धाडणाऱ्या आमच्या चुलत वहिनी. यजमान रेल्वेत पॉइंट्समन, घर रेल्वे क्वार्टरमध्ये, एक मुलगी, एक मुलगा. मुलगी थोरली, यंदा बारावी सायन्स झाली. निरोप एवढाच होता, "भाऊजी, एकदा येऊन पोरीला समजावून जा. ती समुद्रात जायचं म्हणतीय."

आम्ही शिरूरहून एसटी धरली. न्हावरे, चौफुला करीत दौंड येईपर्यंत मनाशी समजावणीची भाषा जुळवीत होतो. खरे सांगायचे तर आम्ही आईच्याच बाजूचे होतो, आणि त्याला कारण आहे. या मुलीच्या वडिलांचा धाकटा भाऊ घोडनदीत गेला. अकरा वर्षांचा पोर. पात्रातली वाळू उपसून उपसून खड्डे पडले होते. पाणी गुडघ्याएवढे दिसत होते म्हणून तो उतरला आणि पुढच्या पावलाला नाहीसा झाला. काठावर आम्ही पाच-सहा जण होतो. एकालाही पोहता येत नव्हते. यायचे तरी कुठून? आमच्या वाडवडिलांच्या काळी पोहायला शिकायची जागा म्हणजे गावची विहीर, आणि त्या विहिरीच्या पायऱ्या आपल्या माणसांसाठी नव्हत्या. त्यानंतर आमच्या घरात नदीचे नावही कुणी काढीत नाही. भीमा दौंडच्या अंगाला वाहते, पण या मुलीने तिच्यात पाय बुडवल्याचे आम्हाला आठवत नाही.

आम्ही घरात शिरलो तर मुलीने एक वही पुढे ठेवली. दोनशे पानी. तीत वर्तमानपत्रांची कात्रणे चिकटवलेली, खाली निळ्या पेनाने तारखा. सगळी कात्रणे एकाच गोष्टीची होती : शिडाच्या छोट्या बोटीतून समुद्र ओलांडणाऱ्या बायकांची.

"काका, मला आधी नौदलात जायचंय. पुढचं पुढं," ती म्हणाली.

वहिनी चुलीपासून म्हणाल्या, "आधी मला सांगा, ह्या बाया त्या बोटीत राहतात कशा?"

प्रश्न साधा होता, पण आमच्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही वहिनींचे सगळे प्रश्न कागदावर उतरवून घेतले. काहींची उत्तरे वहीत होती, काहींसाठी शिरूरला परत येऊन आठवडाभर वाचावे लागले. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. त्या दोन रविवारांचे हे सदर.

आधी हकिगत. नौदलाच्या सहा महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून 'तारिणी' नावाची शिडाची बोट घेऊन निघाल्या आणि पृथ्वीला फेरी घालून 21 मे 2018 रोजी गोव्याला परतल्या. एकूण 254 दिवस. त्यातले 199 दिवस प्रत्यक्ष समुद्रावर. वाटेत ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन असे मुक्काम. शेवटी सुकाणूची यंत्रणा बिघडली म्हणून मॉरिशसलाही थांबावे लागले. नेतृत्व लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांचे. सोबत प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता.

"समुद्रकाठच्या असतील. आपलं तसं नाही," वहिनी म्हणाल्या.

इथे मुलगी हसली. तिच्या वहीत उत्तर तयार होते. वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुल्लूच्या, विजया देवी मणिपूरच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, ऐश्वर्या हैदराबादच्या. सहाजणींत खऱ्या समुद्रकाठची एकच, विशाखापट्टणमची स्वाती. बाकीच्यांच्या गावी समुद्र दौंडइतकाच लांब, किंबहुना जास्तच.

आम्ही त्यात आणखी एक भर घातली. भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने जगाला फेरी मारावी हा ध्यास ज्यांनी धरला, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते फलटणजवळच्या विंचुर्णीला. दौंडहून बारामती ओलांडली की पुढे फलटण. समुद्राचा वाससुद्धा येणार नाही अशा माळावर बसून या म्हाताऱ्या दर्यावर्दीने पत्रे लिहून, लोकांच्या मागे लागून हे काम उभे केले. 2018 साली ते गेले, पण त्याआधी त्यांनी हे होताना पाहिले. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात मांडवीतल्या दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 56 फुटी 'म्हादेई' बोट बांधली गेली. दोंदे नुसते बोट कधी तयार होते म्हणून वाट पाहत बसले नाहीत, बांधणीच्या कामात राहून तिचा सांधा न् सांधा समजून घेतला. 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि मे 2010 मध्ये मुंबईलाच परतले. चार मुक्काम, 157 दिवस समुद्रात. 'तारिणी' ही त्याच 'म्हादेई'ची धाकटी बहीण, त्याच कारखान्यातली, आणि तिच्यावरच्या सहाजणींना शिकवले दोंदे यांनीच.

आता बिऱ्हाडाकडे वळू.

बोटीची लांबी सुमारे 17 मीटर, रुंदी जास्तीत जास्त 5 मीटर, तीही मधल्या भागात. मुलीचे वडील पहिल्यांदा बोलले ते इथे. "म्हणजे डब्यापेक्षा आखूड." बरोबर. रेल्वेच्या प्रवासी डब्यापेक्षा आखूड. त्यातच झोपायचे, स्वयंपाक करायचा, नकाशे पाहायचे, शिडांची पोती, दोर, हत्यारे, औषधे आणि महिनाभराचा शिधा ठेवायचा. वर सुमारे 25 मीटरची डोलकाठी. आणि हे सगळे घर सतत एका कुशीवर कललेले. वारा एका बाजूने येतो, बोट दुसऱ्या बाजूला कलते आणि दिवसेंदिवस तशीच चालते. चालताना एक हात नेहमी कशाला तरी धरलेला. दर्यावर्दी माणसे म्हणतात, एक हात बोटीसाठी, एक हात स्वतःसाठी.

वेग किती? साधारण ताशी सहा सागरी मैल धरले तर अकरा किलोमीटर. सायकलचा वेग. पण सायकलस्वार रात्री झोपतो, बोट झोपत नाही. चोवीस तासांत दौंड ते मनमाड आणि वर थोडे, एवढी मजल पडते. अशा मजला मारीत सुमारे 40,000 किलोमीटर.

"मग झोपतात कधी?" वहिनी.

पाळीपाळीने. शिडाच्या बोटीवर तीन-चार तासांच्या पाळ्या असतात. काहीजणी वर, बाकीच्या खाली. वर असणाऱ्यांनी वारा पाहायचा, शिडे कमी-जास्त करायची, दुसरे जहाज अंगावर येत नाही ना ते पाहायचे. सुकाणू धरणारे यंत्र असते, पण ते दमते, बिघडते, आणि मोठ्या लाटेत त्याच्या भरवशावर राहता येत नाही. पहाटे दोनला उठून थंडीचे ओले कपडे चढवून वर जायचे. हे ऐकताना मुलीचे वडील मान हलवीत होते. रात्रपाळीच्या माणसाला ते समजावून सांगावे लागले नाही. "पाळी बदलताना पाच मिनिटं उशीर झाला तर दुसऱ्याची झोप जाते," एवढेच ते म्हणाले. बोटीवरही भांडणे होतात ती याच पाच मिनिटांवरून.

झोपायचा बर्थ अरुंद असतो. तो मुद्दामच अरुंद ठेवतात, कारण रुंद जागेत माणूस गडगडतो. बर्थच्या उघड्या बाजूला जाड कापड वर ओढून दोरीने बांधतात, म्हणजे बोट कलली तरी माणूस खाली पडत नाही. वहिनींनी लगेच ओळखले, "झोळीतल्या लेकरासारखं." अगदी तसेच.

स्वयंपाकाचे आम्हाला फार नवल वाटले. स्टोव्ह जमिनीवर पक्का बसवलेला नसतो, तो दोन बाजूंच्या खुंट्यांवर पाळण्यासारखा टांगलेला असतो. बोट इकडे कलली की स्टोव्ह तिकडे झुलतो आणि पातेले सपाट राहते. तरीही उकळते पातेले म्हणजे समुद्रावरचा मोठा धोका. तिथे भाजले तर दवाखाना नाही. म्हणून झाकण पक्के लागणारा कुकर सगळ्यांत भरवशाचा. कांदे, बटाटे, लसूण टिकतात. हिरवी भाजी पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. पुढे डाळ, तांदूळ, कडधान्ये आणि तयार पाकिटे. आपल्या सैन्यासाठी अशी पाकिटे म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेत तयार होतात. वादळात मात्र डाळभात शिजवणे होत नाही. गरम पाणी ओतून जे होईल ते, तेही उभ्या उभ्या, आणि बऱ्याच वेळा मळमळत असताना. समुद्र लागणे जुन्या जाणत्यांनाही चुकत नाही.

आता पाणी. या विषयावर शिरूरच्या पूर्व भागातल्या आमच्या वाचक भगिनींना आम्ही काय सांगावे! टँकर येण्याच्या दिवशी घरातला प्रत्येक हंडा मोजणारी बाई बोटीवर एका दिवसात रुळेल. चहूकडे पाणीच पाणी, पण प्यायला येत नाही. बोटीच्या टाकीत गोडे पाणी मोजके. खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र असते, आपल्याकडच्या आरओचाच प्रकार, पण त्याला वीज लागते आणि ते बिघडले तर दुरुस्त करणारा मिस्त्री आपणच. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, अंघोळ झालीच तर खाऱ्या पाण्याची, आणि पाऊस आला की सगळ्यांनी बादल्या घेऊन वर धावायचे. शिडावरून ओघळणारे पाणी धरायचे. पहिली धार टाकून द्यायची, कारण शिडाला मीठ बसलेले असते.

पाण्यावाचून काय होते याचे जुने उदाहरण आहे. जगाला न थांबता एकट्याने पहिली फेरी घातली इंग्लंडच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969. त्यांची 32 फुटी 'सुहेली' बोट कुठली? आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, मुंबईच्या सुतारांच्या हातची. दक्षिणेच्या समुद्रात लाटेने ती आडवी केली आणि टाक्यांतले गोडे पाणी खराब झाले. पुढचा सगळा प्रवास त्या गृहस्थांनी मुख्यतः पावसाच्या पाण्यावर काढला. लाकूड मात्र टिकले. त्या सुतारांची नावे कुणी लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात आले नाही, ही गोष्ट आम्हाला लागली.

"आणि बाईमाणसाचं?" वहिनींनी आवाज खाली घेऊन विचारले. मुलाला बाहेर पाठवले.

आम्ही लाजलो नाही, कारण हे कुटुंबाचे पान आहे. बोटीवर संडास असतो, लहानशी कोठडी. त्यात बसतानाही भिंतीला धरावे लागते. पाळीचे दिवस समुद्रावरही येतात आणि त्या दिवसांतही आपल्या वाटणीची ड्यूटी असते. लागणाऱ्या वस्तू मोजून बरोबर न्यायच्या. प्लास्टिक समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने बंदी आहे, म्हणून वापरलेले सगळे पिशव्यांत बांधून बंदर येईपर्यंत बोटीवरच ठेवायचे. शिवाशिव पाळायला तिथे वेगळा कोपरा नाही. हे ऐकून वहिनी एवढेच म्हणाल्या, "ते एक बरंय."

त्यानंतर खरा प्रश्न आला, ज्यासाठी आम्हाला बोलावले होते. "बुडतात का?"

आम्ही खोटे बोललो नाही. न्यूझीलंडहून फॉकलंडला जाताना 'तारिणी' सुमारे 40 दिवस जमीन न पाहता चालली. त्या टप्प्यात ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा आणि सात मीटरपर्यंतच्या लाटा त्यांनी सोसल्या. सात मीटर म्हणजे दुमजली घर. 19 जानेवारी 2018 रोजी दक्षिण अमेरिकेचे टोक, केप हॉर्न, त्यांनी ओलांडले. वर काम करणाऱ्या प्रत्येकीच्या अंगात पट्टा असतो. त्याची दोरी बोटीच्या अंगावर ताणलेल्या दोराला अडकवलेली. एका जागेवरून दुसरीकडे जाताना एक कडी लावल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. रात्री, वादळात, पट्टा नसलेले माणूस पाण्यात पडले तर सापडणे फार कठीण. पोहता येत असले तरी.

अभिलाष टॉमी यांचे उदाहरणही आम्ही लपवले नाही. 2012-13 साली 'म्हादेई'तून न थांबता एकट्याने फेरी मारणारे हे पहिले भारतीय. 2018 च्या शर्यतीत ते दक्षिण हिंदी महासागरात 'थुरिया' या बोटीवर एकटे होते. 21 सप्टेंबरला वादळात डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला. हलता येईना. ऑस्ट्रेलियाचा किनारा तीन हजार किलोमीटरच्या वर दूर. बर्थवर पडून त्यांनी उपग्रहावरून निरोप धाडले. 24 तारखेला फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजाने येऊन त्यांना उचलले. पाठीत टायटॅनियम घालावे लागले. तोच माणूस पुढच्या खेपेला पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि 29 एप्रिल 2023 रोजी दुसरा आला.

मुलीने वहीतले शेवटचे कात्रण काढले. ऑक्टोबर 2024 ते मे 2025 याच 'तारिणी'तून दोघीच निघाल्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. दोघीच म्हटल्यावर पाळ्यांचा हिशोब करून पाहा : एक झोपली की दुसरी एकटी. जानेवारी 2025 मध्ये त्या पॅसिफिकमधल्या अशा ठिकाणाजवळून गेल्या, जिथून सर्वांत जवळची जमीन सुमारे 2,688 किलोमीटर आहे. त्यानंतर 11 सप्टेंबर 2025 रोजी मुंबईच्या गेटवेवरून 'त्रिवेणी' निघाली, लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली. तिच्यावरच्या बायका तिन्ही सैन्यदलांतल्या. नाव मराठी दिसल्यावर वहिनींनी कात्रण हातात घेतले आणि बराच वेळ फोटो पाहिला.

नोकरीचेही सांगितले पाहिजे, कारण इथे अनेक मुलामुलींची गफलत होते. वर ज्यांची नावे दिली त्या साऱ्या अधिकारी आहेत. बारावीवर खलाशी म्हणून मुलींना नौदलाची दारे 2022 पासून अग्निवीर योजनेत उघडली. त्यात चार वर्षे, आणि पुढे चारांतला जास्तीत जास्त एक कायम. अधिकारी व्हायची एक वाट म्हणजे पदवी, मग निवड मंडळ, आणि त्यानंतर कधी बोटीसाठी स्वेच्छेने नाव द्यायचे. मुलीला आम्ही पदवीचे सांगितले. तिचा चेहरा उतरला, पण तिने ते वहीत लिहून घेतले.

वडील इतका वेळ दाराशी बसले होते. दुपारच्या ड्यूटीची वेळ झाली होती. शर्ट चढवता चढवता म्हणाले, "तो गेला तेव्हा काठावर एकाला जरी पोहता येत असतं..." पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. डबा घेतला. चप्पल घालताना मुलीकडे न बघता म्हणाले, "पदवीचं नंतर बघू. आधी पोहायला शिक. सुट्टीत आत्याकडं पुण्याला राहा."

वहिनी काही बोलल्या नाहीत. ते गेल्यावर त्यांनी आम्हाला विचारले, पुण्याच्या तलावांवर बायकांची वेळ वेगळी असते का, शिकवायला बाई असते का आणि महिन्याला किती पडतात. आम्हाला माहीत नव्हते. चौकशी करून कळवायचे काम आमच्याकडे आले आहे. येत्या सोमवारी आम्ही पुण्याला जात आहोत.